धीर धरण्याचा सराव कसा करावा : कास्तकाराच्या घरासाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

विदर्भाच्या कोरडवाहू पट्ट्यात घाईची किंमत रुपयांत मोजता येते. पहिल्या सरीवर पेरलेले बियाणे करपले की दुबार पेरणी करावी लागते, दव सुकण्याआधी वेचलेल्या कापसाला खरेदी केंद्रावर भाव मिळत नाही आणि अर्धवट कागद घेऊन तहसीलला गेले की दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे दोन्ही वाया जाते. तरीही धीराविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुधा उपदेशाच्या वळणाचे असते : शांत राहा, सोसा, सगळे ठीक होईल. असा उपदेश ऐकून कोणाचा स्वभाव बदलल्याचे मी पाहिलेले नाही. धीर सवयीने अंगी येतो, आणि सवय लावायची असेल तर पहिल्या आठवड्यात काय करायचे, पुढे काय वाढवायचे आणि कोठे अडखळायला होते, हे कोणीतरी नीट सांगावे लागते. मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तुरीची शेती करतो. घरात म्हातारी माणसे आहेत, शाळकरी मुले आहेत. या सगळ्यांत राहून हा सराव जसा जमत गेला, तसा येथे क्रमाने मांडत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. धीर धरणे म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. ज्या गोष्टीला तयार व्हायला वेळ लागतो तिला तो वेळ देणे, आणि जेथे कोणी आपला वेळ विनाकारण खात असेल तेथे आवाज न चढवता, कागदावर, तारखेनिशी जाब विचारणे, ही दोन्ही कामे या सरावात येतात. पहिलेच शिकले आणि दुसरे सोडले, तर माणूस शांत न होता फक्त दबून राहतो.

काय काय लागेल

- शंभर पानी वही आणि पेन. मोबाईलमध्ये नोंद करू नये. नोंद करायला म्हणून हातात घेतलेला मोबाईल लवकर खाली ठेवला जात नाही.
- सेकंदकाटा असलेले साधे घड्याळ.
- झाकणाची प्लास्टिकची फाईल. तिच्यात आधार कार्ड, बँक पासबुकाचे पहिले पान, चालू सातबारा, आठ-अ, शिधापत्रिका आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे यांच्या दोन-दोन प्रती कायम ठेवाव्यात.
- खुरपे, आणि स्वच्छ धुतलेल्या पोत्याचे दोन तुकडे. त्यांचा उपयोग पाचव्या पायरीत येईल.
- घरातले किंवा शेजारचे एक माणूस, ज्याने टोकलेले तुम्हाला खपते.

१. पहिला आठवडा फक्त नोंद ठेवा

पहिल्या आठवड्यात स्वतःला बदलण्याचा कोणताही प्रयत्न करू नका. जेव्हा जेव्हा जीव उतावीळ होतो किंवा राग येतो, तेव्हा वहीत एक ओळ लिहा : वेळ, प्रसंग, अंगात काय झाले आणि त्यानंतर तुम्ही काय केले. उदाहरणार्थ, ‘सकाळी साडेआठ, मजूर अजून आले नाहीत, दात आवळले गेले, तीनदा फोन लावला.’ एवढे पुरे. आपण चांगले की वाईट, असा शेरा त्या ओळीत लिहू नये.

आठवड्याच्या शेवटी पाने चाळली की दिसते, की उतावीळपणा दिवसभर सारखा नसतो. तो ठरावीक वेळांना येतो. मुलांची शाळेची वेळ, शेतातल्या पंपाची लाईन येण्याची वेळ, संध्याकाळी सगळे एकदम घरी परततात ती वेळ. त्याच पानांवर आणखी एक गोष्ट उमटलेली असते : झोप आणि भूक. रानडुकरांपासून पीक राखायला जी माणसे रात्रभर जागलीला जातात, त्यांची दुसऱ्या दिवशीची चिडचिड स्वभावातली नसते, जागरणातली असते. म्हणून जागलीच्या दुसऱ्या दिवशी सौदा, वाटणीची चर्चा किंवा धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) वादाची बोलणी ठेवू नयेत, हा नियम मी प्रत्येक नवख्याला सर्वांत आधी सांगतो. त्याला काही खर्च नाही आणि त्याने बरेच तंटे टळतात.

२. वाट पाहण्याचे तीन खण पाडा

वहीच्या मागच्या पानावर तीन खण आखा.

पहिल्या खणात, ज्यांना वेळ लागणारच अशा गोष्टी लिहा : जमिनीत ओल मुरणे, बोंड पूर्ण उमलणे, तुटलेले हाड जुळणे, मुलाला पाढे पाठ होणे. येथे घाई करून काहीच मिळत नाही.

दुसऱ्या खणात माणसांनी केलेली दिरंगाई लिहा : अडकलेला फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावाचा बदल), न मिळालेला दाखला, व्यापाऱ्याकडे थकलेले पैसे. येथे नुसते थांबून भागत नाही. मुदत पाहून पाठपुरावा करावा लागतो.

तिसऱ्या खणात, जेथे क्षणभरही थांबायचे नाही अशा गोष्टी लिहा आणि तो खण घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. साप चावला तर जखमेवर चिरा न देता, दोरीने घट्ट न आवळता, चावलेला हात किंवा पाय फारसा न हलवता थेट दवाखाना गाठायचा. मांत्रिकाकडे जाण्यात घालवलेला वेळ जिवावर बेततो. फवारणीनंतर मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी; छातीत दुखणे; तोंड एका बाजूला वाकडे होणे किंवा हात लुळा पडणे; मे महिन्याच्या उन्हात बरळायला लागणे : या प्रत्येक प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. पीकविमा, पीककर्ज आणि अपील यांच्या अंतिम तारखाही याच खणात लिहाव्यात.

नवखे लोक सर्वांत जास्त गोंधळ करतात तो याच पायरीवर. धीराचा सराव सुरू केला म्हणून ते दुसऱ्या आणि तिसऱ्या खणातल्या गोष्टीही पहिल्या खणात टाकू लागतात. असे होऊ देऊ नका.

३. श्वास लांबवायला शिका

निरोगी प्रौढ माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. घाई किंवा राग आला की तो वेग वाढतो आणि छातीची धडधडही वाढते. श्वास मुद्दाम संथ केला, विशेषतः सोडताना लांबवला, की शरीराला विसावा देणारी मज्जाव्यवस्था काम करू लागते आणि हृदयाचे ठोके उतरतात. यात चमत्कार नाही. म्हणूनच कोणालाही हे जमू शकते.

घड्याळ समोर ठेवून बसा. चार सेकंद श्वास आत घ्या आणि सहा सेकंदांत सोडा. अशाने मिनिटाला सहा श्वास होतात. सकाळी पाच मिनिटे आणि संध्याकाळी पाच मिनिटे पुरेशी आहेत. गरगरल्यासारखे वाटले तर थांबून नेहमीसारखा श्वास घ्यावा. दम्याचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी. शांत वेळी केलेला हा सरावच तापलेल्या वेळी हाताशी येतो. फक्त राग आल्यावर श्वास आठवायचा असे ठरवले, तर तो त्या वेळी आठवत नाही.

एकट्याने बसणे जमत नसेल तर गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते का ते पाहा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंजातून ही परंपरा गावोगावी नेली, आणि आजही अनेक गावांत दिवस मावळताना माणसे एकत्र बसतात. रोज ठरावीक वेळी, चार माणसांसोबत, काहीही न मिळवता बसून राहणे हाच धीराचा मोठा अभ्यास आहे. ज्यांच्या मनाला प्रार्थना पटत नाही त्यांनी पारावर त्याच वेळी शांत बसावे. वेळ मात्र रोज तीच ठेवावी.

४. रोजचे एक काम संथपणे करा

सगळा दिवस संथ करायला जाऊ नका. शेतीच्या घरात ते शक्यही नाही आणि योग्यही नाही. रोजचे एकच काम निवडा आणि ते पूर्ण लक्ष देऊन, दुसरे काही न करता, महिनाभर करा. ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांना मी दूध काढण्याचे काम निवडायला सांगतो, कारण तेथे घाईचा परिणाम लगेच भांड्यात दिसतो.

वासराला आधी थोडे पिऊ द्यावे लागते. मग आचळ कोमट पाण्याने धुवायचे, हाताला किंचित तेल किंवा तूप लावायचे, आणि पान्हा सुटेपर्यंत थांबायचे. कास भरून येते, आचळ ताठ होतात, गाय मान सैल सोडून रवंथ करू लागते; तेव्हा हात लावला की धार लागते. त्याआधी ओढाताण केली, शेजारी कोणी जोरात बोलले किंवा खिशात मोबाईल वाजला, तर गाय पान्हा चोरते आणि मग कितीही वेळ बसले तरी दूध उतरत नाही. तुम्ही उतावीळ आहात हे गाईला तुमच्या बोटांवरून कळते. महिनाभर हे काम केले की आपली बोटे कधी आवळली जातात हे तुम्हालाही कळायला लागते, आणि ते कळणे पुढे माणसांशी वागताना उपयोगी पडते.

जनावर नसेल तर ज्वारीची भाकर थापणे, तांदूळ निवडणे किंवा झाडलोट यांपैकी काहीही चालेल. उन्हाळ्यात घरात कुरड्या होत असतील तर पुरुषांनी आणि मुलांनीही त्या कामाला बसावे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून वरचे पाणी निथळायचे आणि मग शिजवायचा : यातला एकही टप्पा आदल्या दिवशी उरकता येत नाही. घरातल्या बायांना हे कधीचे ठाऊक आहे. धीराचे शिक्षण त्यांच्याकडून घेण्यात कमीपणा मानू नये.

५. शेतातल्या निर्णयांना थांबा लावा

ही पायरी सर्वांत कठीण आहे, कारण येथे शेजाऱ्यांचा दबाव असतो. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी लागते. एखादा जोरदार शिरवा येतो, मातीचा वास सुटतो आणि दुसऱ्याच दिवशी एकदोन वावरांत पेरणी सुरू होते. मग घरचा मुलगा सांगत येतो, ‘बाबा, साऱ्यायचं पेरून झालं, आपलंच वावर राह्यलं.’ त्या वेळी वाद न घालता त्याला खुरपे द्यावे आणि ओल किती खोल गेली ते पाहून यायला सांगावे.

साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि जमिनीत पुरेशी ओल असल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. आपल्या महसूल मंडळात किती पाऊस पडला हे कृषी सहायकांना विचारता येते, आणि स्वतःच्या वावरात पाहायचे असेल तर दोनतीन ठिकाणी वीतभर उकरून खालची माती मुठीत दाबावी. गोळा धरला तर ओल आहे. खालची माती भुसभुशीत कोरडी निघाली तर वरचा ओलावा चार दिवसांच्या उघडिपीत उडून जाणार आहे. काळ्या भेगाळ जमिनीत पहिले पाणी भेगांतून खाली उतरते, त्यामुळे वरून ओले दिसणारे वावर मधल्या थरात कोरडे असू शकते. कोरडवाहू कास्तकाराला दुबार पेरणीचा खर्च सहसा उसनवारीतूनच करावा लागतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला आणखी चार दिवस थांबण्याचे मोल सांगावे लागत नाही.

हे थांबणे रिकामे नको. त्याच काळात सोयाबीनची उगवण घरी तपासा. पोत्याच्या वेगवेगळ्या थरांतून दाणे काढून एकत्र मिसळा आणि निवड न करता सरसकट शंभर दाणे मोजा. चांगले-चांगले दाणे वेचून घेतले तर तपासणीच खोटी ठरते. पोत्याचा एक तुकडा भिजवून सपाट अंथरा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी थोडे अंतर ठेवून मांडा, वर दुसरा ओला तुकडा घाला आणि हलक्या हाताने गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण उघडून पाहू नका. मुलांना हेच सर्वांत अवघड जाते, आणि मोठ्यांनाही. सहासात दिवसांनी गुंडाळी उलगडून निरोगी मोड मोजा. सत्तर किंवा अधिक दाणे नीट उगवले असतील तर बियाणे पेरणीयोग्य आहे. थोडे कमी असतील तर बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे लागते, आणि फारच कमी असतील तर ते पेरू नये. सोयाबीनच्या दाण्याचे साल पातळ असते. पोती उंचावरून आपटली तरी उगवण घटते, म्हणून हाताळणीतही घाई नको.

फवारणीआधी डब्यावरचा त्रिकोण पाहणे आणि आतला माहितीचा कागद पूर्ण वाचणे याला पाचदहा मिनिटे लागतात. लाल त्रिकोण म्हणजे अतिविषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती आणि तो दोष मजुरांच्या घाईवर ढकलणे अन्यायाचे होईल. पण हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा आणि उन्हाची वेळ पाहण्यासाठी थांबणे आपल्या हातात आहे, आणि मजूर लावला असेल तर त्याला तेवढा वेळ देणे ही मालकाची जबाबदारी आहे. ‘लवकर आटोप’ हे शब्द फवारणीच्या दिवशी उच्चारू नयेत.

६. वेचणी आणि विक्री

कापसाची पहिली वेचणी आमच्याकडे सीतादहीने सुरू होते. बाया वावरात दही-भाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हात लावतात. ती पूजा करा किंवा करू नका, पण त्यानिमित्ताने होणारा थांबा कामाचा आहे, कारण तेवढ्यात दव उडून जाते. दवाने ओला झालेला कापूस वेचून गंजीत टाकला की आतून दमट राहतो आणि पिवळा पडतो. भारतीय कापूस निगमच्या खरेदीत ८ टक्के आर्द्रता आधार धरली जाते, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत भाव कापला जातो आणि त्यापुढचा माल घेतला जात नाही. म्हणून पूर्ण उमललेली बोंडेच वेचावीत, पालापाचोळा सोबत येऊ देऊ नये, कीड लागून नीट न उमललेला कवडी कापूस वेगळ्या ओट्यात टाकावा आणि वेचलेला माल उन्हात वाळवूनच साठवावा.

विक्रीसाठी थांबा असे सांगणे मात्र सोपे नाही. ज्याच्या घरी दवाखान्याचा खर्च आहे किंवा दुकानदाराची उधारी दारात उभी आहे, तो दिवाळीआधी पडत्या भावात माल विकतो, आणि त्याला अधीर म्हणणे चुकीचे आहे. थांबण्यासाठी हाताशी पैसा लागतो. येथे बाजार समित्यांमार्फत चालणारी, राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना पाहावी. सोयाबीन, तूर, हरभरा असा माल समितीच्या गोदामात ठेवला की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. आपल्या बाजार समितीत ती चालू आहे का, गोदामात जागा आहे का, हे माल घरी येण्यापूर्वीच विचारून ठेवावे. भाव नक्की वाढेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून सगळा माल अडवून न धरता गरजेपुरता विकावा आणि उरलेला ठेवावा, असे माझे मत आहे.

७. सरकारी कचेरीत धीर आणि कागद दोन्ही न्या

प्रत्येक कामाला कायद्याने किती वेळ लागतो हे आधी समजून घेतले की निम्मी तगमग थांबते. जमिनीच्या खरेदीनंतरच्या फेरफाराचेच पाहा. तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकत घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत असते. आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. पहिल्या पंधरा दिवसांत रोज चकरा मारून काही साधत नाही, कारण ती मुदत कोणाच्याही हातात नाही. मुदत संपल्यावर मात्र विचारणा करणे हा तुमचा हक्क आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यानुसार अधिसूचित सेवांना दिवसांची मर्यादा आहे, आणि त्या सेवांचा, मुदतीचा व अपील अधिकाऱ्याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. पुढील क्रम पाळा. फलकावरची मुदत वहीत उतरवून घ्या. अर्जासोबतच्या कागदांची यादी मागा आणि फाईलशी ताडून पाहा. अर्ज दिल्यावर तारीख आणि क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मुदत संपण्याची तारीख वहीत लाल पेनाने लिहा आणि तोपर्यंत त्या कामाचा विचार बाजूला ठेवा. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. अर्जाचे पुढे काय झाले हे कळत नसेल तर माहिती अधिकारात विचारावे. त्याचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावे लागते.

पोच न घेणे हा येथला सर्वांत मोठा सापळा आहे. ‘ओळखीचे आहेत, करून देतील’ या भरवशावर दिलेला अर्ज गहाळ झाला की तुमच्याकडे काहीच उरत नाही आणि मग भांडणाशिवाय दुसरा मार्ग दिसत नाही. हातात पोच असलेल्या माणसाला आवाज चढवावा लागत नाही.

८. रस्ता आणि मोबाईल

गावापासून तालुका २० किलोमीटर असेल तर ताशी ४० च्या वेगाने अर्धा तास लागतो आणि ६० च्या वेगाने २० मिनिटे. वाचतात ती दहा मिनिटे. त्या बदल्यात, समोर काही आडवे आले तर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ मीटरऐवजी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावरचे अंतरही दुपटीहून अधिक वाढते. कापसाच्या हंगामात रात्री दिवा नसलेल्या बैलबंड्या आणि ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तुरीच्या वावरातून रोही (नीलगाई) अचानक उडी घेतात. दहा मिनिटे आधी निघणे एवढाच यावर उपाय आहे.

मोबाईलबद्दल थोडक्यात सांगतो. गटांच्या सूचना बंद ठेवा, जेवताना तो दुसऱ्या खोलीत ठेवा आणि रात्री उशाशी घेऊ नका. बाजारभाव आणि हवामान दिवसातून दोन ठरावीक वेळी पाहावे. तासातासाला पाहिल्याने भाव बदलत नाही.

९. घरात ऐकून घेण्याचा सराव

कमी ऐकू येणाऱ्या आजीला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना आवाज कसा निघतो, यावरून आपला सराव कुठवर आला आहे ते समजते. तिच्यासमोर बसावे, तोंड तिला दिसेल असे ठेवावे, ओरडण्याऐवजी सावकाश आणि लहान वाक्यांत बोलावे. मुलाचे गणित अडले तर उत्तर सांगून मोकळे होऊ नये. वहीवरून बोट न हलवता मनात दहापर्यंत मोजावे आणि मग फक्त पुढची पायरी विचारावी. समोरचा बोलून थांबला की लगेच उत्तर न देता एक श्वास घ्यावा. बहुतेक वेळा त्या एका श्वासात तो माणूस राहिलेली खरी गोष्ट बोलतो.

येथे एक इशारा फार महत्त्वाचा आहे. आपल्या घरांत धीराची अपेक्षा सुनेकडून आणि मुलीकडून केली जाते आणि पुरुषाच्या तापटपणाला स्वभाव म्हणून सूट मिळते. हा लेख वाचून कोणी घरातल्या बाईला ‘जरा धीर धरायला शिक’ असे ऐकवणार असेल, तर त्याने तो चुकीचा वाचला आहे. मारहाण, अपमान किंवा दारूपायी होणारा छळ सहन करणे या सरावात बसत नाही. त्यासाठी ११२ क्रमांकावर पोलिसांची आणि १८१ क्रमांकावर महिला हेल्पलाइनची मदत मागता येते.

एकदम अनेक नियम लावून घेणे हीसुद्धा अडचणच आहे. एका महिन्यात एकच पायरी घ्यावी. मध्येच एखाद्या दिवशी तोल गेला तर वहीत नेहमीसारखी ओळ लिहावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवरून पुढे चालावे. पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नसते. वही चाळण्यासाठी उलंगवाडीनंतरचे, म्हणजे कापसाचा हंगाम संपल्यानंतरचे, दिवस चांगले, कारण तेव्हा वावरातली कामे हलकी झालेली असतात आणि सबंध हंगामाच्या नोंदी एकत्र पाहता येतात.

१०. हे नुसते अधीरपण नसेल तेव्हा

काही वेळा चिडचिड आणि तगमग यांचे मूळ सवयीत नसते. सलग दोन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, कर्जाचा विचार डोक्यातून हटत नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे मनात येते, तर वही आणि श्वास यांवर विसंबून राहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते आणि तेथे मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो. घरातल्या कोणाबद्दल अशी शंका आली तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, तिच्याशी सरळ शब्दांत बोलावे आणि तिला जमत नसेल तर तिच्या वतीने आपणच तो फोन लावावा.